डॉक्टर-सिस्टर स्वतः आजारी पडल्यावर काय करतात, आणि काय करायला पाहिजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात फिजिशियन आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत डॉक्टर, सिस्टर, लॅबवाले, मेडिकलवाले, आशाताई असे आपल्याच लायनीतले लोक भरपूर आहेत, आणि त्यांचे, त्यांच्या घरच्यांचे प्रश्न व्हॉट्सॲपवर तेच तेच येतात, बऱ्याचदा रात्री अकरानंतर. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. एका ठिकाणी लिहिलेलं परत लिहिलं नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. डॉक्टर स्वतःची औषधं स्वतःच घेतात का हो?

घेतात, जवळजवळ सगळेच. सर्दी, डोकेदुखी, ॲसिडिटी, गाडीवरून पडून खरचटलं, एवढ्यासाठी कुणी कुणाकडे जात नाही आणि त्यात काही वावगंही नाही. पण ड्रॉवर उघडला की सॅम्पलची गोळी हाताला लागते ना, तिथं गडबड सुरू होते. मी एक साधी रेघ आखून घेतलीय. अँटिबायोटिक, स्टेरॉइड, झोपेची गोळी आणि बीपी-शुगरच्या डोसमधला बदल या चार गोष्टी स्वतःच्या स्वतः करायच्या नाहीत. आणि साधी गोळीसुद्धा त्याच त्रासासाठी महिन्यात दुसऱ्यांदा घ्यावी लागली तर कुणालातरी दाखवायचं. इंग्लंडमधे तर डॉक्टरांच्या कौन्सिलनं स्पष्टच सांगितलंय की शक्य असेल तोवर स्वतःला आणि जवळच्या माणसांना औषध लिहून देऊ नका आणि तुमचा डॉक्टर घराबाहेरचा असू द्या.

२. मग अडचण काय, यांच्या तर सगळ्या डॉक्टरांशी ओळखी असतात की?

ओळख आहे हीच अडचण आहे. सांगते कसं ते. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) बाहेर चहा घेताना सर्जन म्हणतात, "अगं, जरा छातीत जडजड वाटतंय दोन दिवस", फिजिशियन म्हणते "ईसीजी काढून पाठवा सर", ईसीजी व्हॉट्सॲपवर येतो, ती दोन पेशंटच्या मधे बघते, "ठीक वाटतोय, उद्या ट्रोपोनिन (हार्ट अटॅकसाठीची रक्ततपासणी) करू", आणि तो उद्या येतच नाही कारण उद्या दोघांचीही ओपीडी असते. यात कुणी बीपी बघितलं नाही, कुणी वडिलांना काय झालं होतं विचारलं नाही, कुठं काही लिहिलं नाही. हाच माणूस अक्कलकोट रोडवरचा कारखान्यातला कामगार असता तर त्याचा केस पेपर निघाला असता, वजन, नाडी, बीपी झालं असतं, सिस्टरनी थांबवून ठेवलं असतं, सहा तासानं ईसीजी परत झाला असता. म्हणजे ओळख नसलेल्याला आपण जास्त चांगलं बघतो.

म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते, स्वतःच्या नावाचा केस पेपर काढा. नाव, वय, तारीख, तक्रार, तपासणी, पुढची तारीख. त्या कागदाची ताकद आपल्याला रोज दिसते, फक्त स्वतःसाठी तो काढायचं सुचत नाही.

दुसरी अडचण पैशाची, पण उलटी. डॉक्टरनं डॉक्टरची आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांची सेवा विनाशुल्क करणं आनंदाचं समजावं असं २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलंय, आणि आपल्याकडे ते मनापासून पाळतात. मग जाणाऱ्याला संकोच वाटतो की फुकट किती वेळा जायचं, तो फॉलोअपला जातच नाही. माझं म्हणणं, फी द्या. घेत नसतील तर तपासण्यांचे तरी द्या, पण तारखेला जा.

३. मॅडम, तुमच्या स्वतःच्या बाबतीत असं कधी झालंय का?

झालंय. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, खोकला सुरू झाला. पहिल्या आठवड्यात ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलं, मग कुणीतरी दिलेली लिव्होफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची पट्टी घेतली आणि चार-पाच दिवस खरंच बरं वाटलं. नंतर परत खोकला, संध्याकाळी अंगात कसकस, पायजम्याची नाडी दोन बोटं जास्त ओढायला लागले. पेशंटला दोन आठवडे खोकला असला की आपण लगेच थुंकी तपासायला पाठवतो, माझा सहावा आठवडा चालला होता आणि मी त्याला ॲलर्जी म्हणत होते, पंख्याची धूळ म्हणत होते.

एका रात्री वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर राउंड संपल्यावर म्हणाल्या, "किती दिवस खोकताय ओ मॅडम? बसा इथं." त्यांनी थर्मामीटर लावला आणि माझ्या समोर कोरा केस पेपर घेतला, माझं नाव लिहिलं, वय २७, व्यवसायाच्या रकान्यात डॉक्टर. मला ते वाचून पोटात खड्डा पडला. सकाळी एक्स-रे झाला, उजव्या बाजूला छातीत पाणी होतं, तपासल्यावर टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, पूर्ण बरी झाले.

त्या लिव्होफ्लॉक्सासिनचं मुद्दाम सांगते. या गटातली औषधं टीबीच्या जंतूवरही थोडं काम करतात, त्यामुळं काही दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. हे मला पुस्तकातून पाठ होतं. पेशंटसाठी पाठ होतं. आणि त्या सहा आठवड्यांत मी ज्यांच्या तोंडाजवळ वाकून डोळे बघितले, जीभ बघितली, त्या सगळ्यांचा विचार अजून येतो.

४. पण डॉ. कोटणीसांसारखं स्वतःला विसरून सेवा करायची, असंच तर आम्हाला शिकवलं ना?

हा प्रश्न दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, आणि सोलापुरात तो येणारच. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, जन्म १९१०, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धभूमीवर जखमींची ऑपरेशनं केली, नंतर बेथून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला फिट्स येऊन गेले, वय ३२. ज्या नॉर्मन बेथून यांच्या नावचं ते हॉस्पिटल, ते कॅनडाचे सर्जन १९३९ मधे ऑपरेशन करताना बोटाला कापलं आणि त्यातून रक्तात जंतुसंसर्ग होऊन गेले. भैय्या चौकात कोटणीसांच्या स्मारकापाशी मी गेले की दर वेळी हेच मनात येतं, की हा माणूस अजून तीस-चाळीस वर्षं जगायला पाहिजे होता.

त्यांच्या त्यागाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, तो युद्धाचा काळ होता, त्यांना पर्याय नव्हता. आपल्याला आहे. जागरण हे फिट येण्याचं ठळक कारण आहे, त्यामुळं आज एखाद्या इंटर्नला किंवा सिस्टरला फिट्सचा त्रास असेल तर नाइट ड्युटी कमी करून मागणं हा त्याच्या उपचाराचा भाग आहे, त्यात कमीपणा काही नाही. न्यूरोलॉजिस्टकडून तसं लिहून आणा आणि एचओडींना (विभागप्रमुखांना) द्या. आणि डॉक्टरांची जी जागतिक शपथ आहे ना, जिनिव्हा जाहीरनामा, त्यात २०१७ साली एक ओळ नव्यानं घातलीय, की उत्तम दर्जाची सेवा देता यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या तब्येतीकडेही लक्ष देईन. शपथेतच आहे ते.

५. सुई टोचली, काय करू? (हा मेसेज सगळ्यात जास्त येतो)

आधी वाचत बसू नका, नळाखाली हात धरा. साबण-पाण्यानं धुवा. बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच चोळायचं नाही. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्यानं किंवा सलाइननं भरपूर धुवा, लेन्स असेल तर आधी तशीच धुवा, मग काढून परत धुवा.

मग लगेच, म्हणजे ड्युटी संपल्यावर नाही, आत्ता, कळवा आणि नोंद करा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं, ज्याला पीईपी म्हणतात, ती दोन तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात चांगलं आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा, एकही दिवस चुकवायचा नाही. छोट्या नर्सिंग होममधे ही औषधं नसतात तेव्हा थेट सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला जा, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. ज्या पेशंटची सुई होती त्याची संमती घेऊन तपासणी करायची, पण त्याचा रिपोर्ट येईपर्यंत पहिला डोस थांबवायचा नाही. तुमचं रक्त त्याच दिवशी, मग दीड महिन्यानं, मग तीन महिन्यानं, मग सहा महिन्यानं.

आता भीतीबद्दल. एचआयव्ही बाधित पेशंटची सुई लागली तरी लागण होण्याची शक्यता साधारण ३०० मधे १ आहे. हिपॅटायटिस सी ची दोन टक्क्यांच्या आत, आणि तो झाला तरी आता गोळ्यांनी बरा होतो. सगळ्यात जास्त धोका हिपॅटायटिस बी चा, लस नसेल तर ३० टक्क्यांपर्यंत. आणि आपल्याला भीती कशाची वाटते, तर एचआयव्हीची. म्हणून खालचा प्रश्न ६ जरूर वाचा.

लपवू नका एवढी विनंती आहे. लपवण्याचं कारण नेहमी एकच सांगतात, "सर ओरडतील, निष्काळजी म्हणतील." एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ प्रमाणं जिथं अशी जोखीम आहे तिथं पीईपी उपलब्ध करून देणं ही संस्थेची जबाबदारी आहे.

६. हिपॅटायटिस बी ची लस कॉलेजला असताना घेतली होती बहुतेक, चालेल का?

"बहुतेक" चालत नाही. डोस तीन, आज, एक महिन्यानं, सहा महिन्यानं, आणि बरेच जण दुसऱ्यावरच थांबलेले असतात. राहिलेला डोस घ्या, पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) करा, १० किंवा जास्त आलं की झालं, तो कागद जपून ठेवा. कमी आलं तर परत डोस लागतात, त्यासाठी भेटा.

आणि हे फक्त डॉक्टर-सिस्टरचं नाही. कचरा उचलणाऱ्या मावशी, वॉर्डातले मामा यांना सुया जास्त लागतात कारण आपण नीट टाकत नाही. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, त्यात दवाखान्यानं सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा तपासणी करायची असं स्पष्ट आहे. दहा बेडचं हॉस्पिटल असलं तरी लागू. मालक डॉक्टर हे वाचत असतील तर आज संध्याकाळी मावशींना विचारा की लस झालीय का.

७. आम्ही सिस्टर लोक, सुट्टी मागितली की पगार कापतात, मग दाखवायला कधी जायचं?

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही आणि खोटा धीरही देणार नाही. वर्षाची तपासणी तुमचा हक्क आहे (प्रश्न ६), ती चार-पाच जणींनी मिळून मागा, एकटीनं मागितलं की ऐकत नाहीत.

तोवर तुमच्या हातातलं. मे महिन्यात सोलापूर ४२-४३ वर जातं आणि तुम्ही बाथरूमला जायला वेळ मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाही. लघवीची जळजळ, खडे, दोन्ही यातूनच, आणि ओटीत सहा-सहा तास उभं राहणाऱ्या सर्जनचंही तेच. आषाढीला पंढरपूरला ड्युटी लागते तेव्हा तर दिवसभर पायात बूट आणि हातात पेशंटसाठीचं ओआरएस, स्वतः मात्र एक घोट नाही. बाटलीवर रेघा मारा, ड्युटीत दीड लिटर संपलीच पाहिजे. पायाच्या शिरा फुगत असतील तर त्यासाठीचे दाबाचे मोजे घाला, पाय उंच ठेवून झोपा. कंबरेसाठी पेनकिलरचं इंजेक्शन एकमेकींना टोचून घेणं बंद करा, किडनीवर येतं ते.

८. माझे मिस्टर डॉक्टर आहेत, जगाला बघतात, घरच्यांकडे आणि स्वतःकडे लक्षच नाही. काय करू?

जुळे सोलापूरच्या एका ताईंचा हा मेसेज, पण शब्द बदलून असे कितीतरी येतात. त्यांच्या मुलाला आठ दिवस ताप, वडील रोज "व्हायरल आहे" म्हणत फोनवरच औषध सांगत होते, पोटाला हात लावला नव्हता. टायफॉइड निघाला. वाईट हेतू नसतो ओ. आपल्या माणसाला काही गंभीर असेल हे मन मान्यच करत नाही, आणि उलटही होतं, साध्या डोकेदुखीला एमआरआय.

तुम्ही एक करा. घराचा फॅमिली डॉक्टर वेगळा ठरवा, अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, आणि नवऱ्याला बरोबर न्यायचं ते नवरा म्हणून. तिथं त्यांनी औषधावर चर्चा करायची नाही. त्यांची स्वतःची तपासणी लग्नाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात लावा, तारीख विसरत नाहीत.

९. मेडिकलला आहे, जो आजार वाचतो तो मलाच झालाय असं वाटतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात खूप जणांना होतं, बहुतेकांचं आपोआप जातं. रोज रात्री स्वतःच्या गाठी चाचपत बसत असशील किंवा अभ्यास बंद पडला असेल तर मात्र एकदा दाखव, आणि प्रश्न ११ वाच.

१०. माझे गुरू, सिनियर सर, पेशंट म्हणून आलेत. कसं वागू?

"सर, तुम्हाला माहितीच आहे" हे वाक्य बोलू नका. त्यांना माहिती नसतं असं नाही, पण आजारी माणसाला ते आठवत नाही, आणि आठवलं तरी त्याला सगळ्यात वाईट शक्यताच आठवते. सगळ्यांना समजावता तसंच समजावा, मराठीत, कागदावर चित्र काढून. दारू-तंबाखूचं विचारा, झोपेचं विचारा, शर्ट काढायला सांगा, गरज असेल तर पीआर (गुदद्वारातून बोटानं तपासणी) पण करा. आपण लाजून जे टाळतो नेमकं त्यातच निदान असतं. खुर्चीवर तुम्ही बसायचं, त्यांना स्टुलावर बसवायचं, मग त्यांनाही मोकळं होता येतं. माझ्याकडे एक सिनियर सर्जन आले होते, स्वतःचे रिपोर्ट स्वतःच वाचून दाखवत होते, मी हळूच फाइल त्यांच्या हातातून घेतली आणि म्हटलं, सर आता तुम्ही फक्त त्रास सांगा. दोन मिनिटं गप्प बसले आणि मग तीन वर्षांचं सगळं बोलले.

११. झोप नाही, रडू येतं, कधी कधी सगळं संपवावंसं वाटतं. पण मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले तर गावात कळेल, रजिस्ट्रेशनवर परिणाम होईल?

शेवटचा विचार येत असेल तर आज, आत्ता, एकटं राहू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा, टेलिमानस आहे, सरकारी, मोफत, २४ तास, मराठीत बोलतात.

गावात कळण्याबद्दल, तुमची माहिती गुप्त ठेवणं मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणं बंधनकारक आहे, आणि तरीही संकोच असेल तर पुण्याच्या किंवा हैदराबादच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोला, आपल्याकडचे बरेच जण तसंच करतात. नैराश्यावर उपचार घेतले म्हणून रजिस्ट्रेशन जात नाही. उपचार न घेता चुका होत राहिल्या तर पेशंटला त्रास होतो, तुम्हालाही.

एक अवघड गोष्ट लिहिते. भूलतज्ज्ञ, आयसीयूतले लोक, सिस्टर, ज्यांच्या हाताशी ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, मिडाझोलाम अशी वेदनेची आणि गुंगीची औषधं असतात, त्यांची सवय लागण्याची कहाणी बहुतेक वेळा पाठदुखी किंवा झोप न येणं यापासूनच सुरू होते. अपराधी वाटून लपवू नका. हा आजार आहे आणि यातून बाहेर आलेले, परत काम करणारे लोक मला माहीत आहेत. एकदम बंदही करू नका, देखरेखीखाली करा.

१२. स्वतःच लिहिलेल्या चिठ्ठीवर मेडिक्लेम मिळतो का? आजारपणाचं सर्टिफिकेट?

सर्टिफिकेट स्वतःचं स्वतः देता येत नाही. मेडिक्लेमचं तुमच्या पॉलिसीत डॉक्टरची व्याख्या वाचा, बहुतेक ठिकाणी विमाधारक स्वतः किंवा त्याचा जवळचा नातेवाईक चालत नाही. आणि पॉलिसी घेताना बीपी-शुगर लपवू नका, कागद नाही म्हणून आजार नाही असं होत नसतं. आधीपासूनच्या आजारासाठीचा थांबण्याचा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, खरं सांगून तेवढं थांबणं परवडतं.

१३. आजारी असताना ओपीडी करावी का? पेशंट लांबून आलेले असतात.

अक्कलकोट, मंगळवेढा, विजापूरकडून पहाटे निघून आलेला माणूस परत पाठवायला जीवावर येतं, मलाही येतं. तरी ताप असताना नाही, ताप गोळीशिवाय उतरून २४ तास होईपर्यंत नाही. कांजिण्यांत सगळ्या पुटकुळ्यांवर खपली धरेपर्यंत नाही. डोळे आलेले असतील तर नाही. फुफ्फुसाचा टीबी असेल तर औषध लागू पडून साधारण दोन आठवड्यांनी संसर्गाचा धोका कमी होतो, पण परत कधी यायचं ते छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या सर्जननं ऑपरेशन सोडूनच द्यायची असं नाही, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) किती आहे त्यावर आणि कुठली ऑपरेशनं करता त्यावर ठरतं, लिव्हरच्या डॉक्टरांशी बोला.

१४. मी वस्तीवर एकटाच डॉक्टर आहे, दुसरा कोण बघणार?

खरा अपवाद आहे हा. १९६१ मधे लिओनिद रोगोझोव्ह नावाच्या २७ वर्षांच्या रशियन डॉक्टरनं अंटार्क्टिकावर स्वतःचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन स्वतः केलं, कारण तळावर तो एकटाच डॉक्टर होता आणि बर्फामुळं बाहेर पडता येत नव्हतं. पण तुमच्या वस्तीवरून सोलापूर फार तर दोन तास आहे, आणि १०८ आहे. अगदी तातडीचं असेल तर स्वतःला जेवढं देता येईल तेवढं द्या, ॲस्पिरिन चावा, इनहेलर घ्या, पण गाडी स्वतः चालवत येऊ नका. बाकीच्या वेळी शेजारच्या गावच्या डॉक्टरशी जोडी लावा, तो तुमचा पेशंट, तुम्ही त्याचे, महिन्यातून एकदा.

१५. स्तनाची, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आम्ही बायकांना रोज सांगतो, स्वतः केली नाही. आता भीती वाटते.

भीती बरोबर घेऊनच या. गर्भाशयाच्या मुखाच्या पॅप किंवा एचपीव्ही टेस्टला पाच मिनिटं लागतात. आपल्या जिल्ह्यात बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे, पुढची सोय लांब नाही. ज्या मैत्रिणीसमोर लाज वाटत नाही तिच्याकडे करा, किंवा जिच्याशी अजिबात ओळख नाही तिच्याकडे.

१६. शेवटच्या आजारात मला व्हेंटिलेटर नको आहे. आयसीयूत रोज बघतो म्हणूनच नको. हे कुठं लिहून ठेवता येतं का?

येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात हा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मधे पद्धत सोपी केली. तुम्ही शुद्धीत, स्वतःच्या मर्जीनं लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. तुमच्या वतीनं कोण बोलणार त्या माणसाचं, हवं तर एकाहून जास्त माणसांचं, नाव त्यात घालायचं. हे लिहिलं म्हणून उपचार बंद होत नाहीत, बरं होण्याची शक्यताच उरली नाही असं हॉस्पिटलमधली डॉक्टरांची दोन मंडळं ठरवतील तेव्हाच ते लागू होतं, आणि विचार बदलला तर कधीही रद्द करता येतं.

एक प्रत ज्याचं नाव घातलंय त्याला द्या, एक फॅमिली डॉक्टरला, आणि नसेल ठरवलेला तर आधी तो ठरवा. माझ्या कपाटात माझ्या तीन पेशंटची अशी पाकिटं आहेत, तिघंही डॉक्टर आहेत, आणि माझं पाकीट माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे. ती शाळेत शिकवते. तिला समोर बसवून मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हाच तिनं ते घेतलं.